वस्त्रावरील नांव व यादींतील नांव : वेल्समधील बार्दीकर इटालियनांविषयीं

ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स देशांत इटालियन लोकांची एक जुनी वसाहत आहे. या वसाहतीचा व वेल्सचा सव्वाशें वर्षांहून अधिक काळचा जो ऋणानुबंध, तोच आपल्या मालाचा विषय करून कपडे विकणारी एक पेढी अलीकडे तिकडे निघाली आहे. कापडाच्या या व्यापाराशीं जुने कागद जमविणारांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य एवढ्यासाठींच कीं, वारसा म्हणून जें अंगावर मिरविलें जातें तें दोन पिढ्यांनंतर पुराव्यासारखें भासूं लागतें. आणि वेल्समध्यें असें पूर्वीं एकदां नव्हे, दोनदां घडून चुकलें आहे. सबब या वसाहतीचा मूळ वृत्तांत, तिच्या नांवांचा घोळ व १९४० सालच्या एका यादीचा प्रश्न इतकें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे. लेखाचा भर नांवांवर आहे. या लोकांस बखर नाहीं, ताम्रपट नाहींत. त्यांचा इतिहास दुकानांच्या पाट्यांवर, सरकारी दाखल्यांत व मृतांच्या याद्यांत, म्हणजे नांवांतच, सांठविलेला आहे.

प्रथम देशाच्या नांवाचेंच पाहूं. वेल्सचे लोक आपल्या देशास 'कम्री' म्हणतात. त्याचें मूळ 'आपले देशबांधव' या अर्थाच्या शब्दांत आहे. 'वेल्स' हें नांव शेजारच्या इंग्रजांनीं दिलें. जर्मानिक भाषांत एक प्राचीन शब्द होता, त्याचा अर्थ परका, विशेषेंकरून रोमन साम्राज्यांतील परभाषी मनुष्य. त्या शब्दापासून इंग्रजीत 'वेल्श' झालें. त्याच शब्दापासून जर्मन भाषेंतही तसलेंच एक विशेषण झालें व तें इटालियन, फ्रेंच इत्यादि लोकांस लाविलें जाई. पोलंडांतील लोक तर इटली देशास आजही याच कुळांतील 'व्वॉखी' या नांवानें ओळखतात. म्हणजे वेल्श व इटालियन या दोघांसही त्यांच्या शेजाऱ्यांनीं एकाच शब्दानें 'परके' म्हणून हांक मारिलेली आहे. ही केवळ शब्दशास्त्रांतील गंमत होय. तिजवर इतिहासाची इमारत उभारूं नये. परंतु अशी गंमत कापडावर छापण्यास फार सोयीची असते, आणि तेथेंच सावध राहावें लागतें.

आतां वर म्हटलेल्या दोन प्रसंगांविषयीं. एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६) हा धंद्यानें पाथरवट, परंतु जुन्या वेल्श हस्तलिखितांचा त्याच्याएवढा जाणकार त्याच्या काळीं क्वचितच कोणी असेल. 'आयोलो मोर्गानुग' या टोपणनांवानें तो प्रसिद्ध आहे. १७९२ सालीं लंडन येथील प्रिमरोझ टेकडीवर त्यानें कवींची एक सभा भरविली व हा विधि प्राचीन ड्रुइड पुरोहितांपासून अखंड चालत आला आहे असें सांगितलें. वस्तुतः तो त्यानें स्वतःच रचिला होता. तत्पूर्वीं १७८९ सालीं चौदाव्या शतकांतील थोर कवि दाविद अप ग्विलिम याच्या काव्यसंग्रहांत त्यानें आपलीं स्वतःचीं कवनें त्या कवीचीं म्हणून घुसडून दिलीं होतीं. ही लबाडी पूर्णपणें उघडकीस आणण्यास विसाव्या शतकांत ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांस आयुष्याचीं पुष्कळ वर्षें वेंचावीं लागलीं. कारण आयोलोच्या संग्रहांत अस्सल कागदांच्या खऱ्या नकला व बनावट मजकूर एकाच हस्ताक्षरांत, एकाच पेटींत ठेविलेले होते. आमच्याकडे बनावट सनदांशीं ज्यांनीं झगडा केला आहे त्यांस या कामाचें दुर्घटत्व वेगळें सांगावयास नको. आश्चर्य असें कीं, सत्य बाहेर आल्यावरही ती सभा मोडली नाहीं. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्यमेळाव्यांत पांढरे, निळे व हिरवे झगे घातलेले तिचे सभासद आजही मिरवितांना दिसतात. कागद खोटा ठरला, वस्त्र टिकलें.

दुसरा प्रसंग इतका वाईट नाहीं. लेडी लानोव्हर (१८०२–१८९६) या श्रीमंत बाईंनीं १८३४ सालीं कार्डिफच्या साहित्यमेळाव्यांत वेल्श भाषा व वेल्सचा राष्ट्रीय पोशाख यांचें जतन केल्यानें होणाऱ्या लाभांवर निबंध लिहून बक्षीस मिळविलें. खेड्यांतील बायका लोंकरी फ्लॅनेलचे झगे, शाली व टोप्या वापरीत हें खरेंच होतें. परंतु तो कष्टकरी बायकांचा थंडीपावसांतला नित्याचा वेष होता व जागोजाग निराळा होता. त्यांतून निवड करून, त्यास 'राष्ट्रीय' हें विशेषण लावून, आपल्या घरच्या माणसांस व स्नेह्यांस तो घालावयास लावण्याचें कार्य या बाईंनीं हिरिरीनें केलें. पुढें छायाचित्रकारांनीं व पत्रिका विकणारांनीं उंच काळी टोपी जगभर नेली. मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस संत डेव्हिडच्या सणाला शाळेंतल्या मुली तो वेष अजून करितात. येथें खोटेपणा नाहीं. येथें निवड आहे. आणि निवड झाली म्हणजे कांहींतरी वगळलें जातें.

इटालियन वारशाचे कपडे या दुसऱ्या जातींत मोडतात असें आमचें मत आहे. त्यांत काय वगळलें जाण्याचा संभव आहे हें समजण्यास मूळ गांवापासून आरंभ केला पाहिजे.

बार्दी हें गांव उत्तर इटलींतील एमिलिया-रोमान्या प्रांतांत, पार्मा जिल्ह्यांत, आपेनाइन पर्वतांतून वाहणाऱ्या चेनो नदीच्या खोऱ्यांत वसलें आहे. तांबड्या जॅस्पर दगडाच्या सुळक्यावर तेथें एक भक्कम किल्ला आहे. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत तो लांदी घराण्याकडे होता. नंतर पार्माच्या फार्नेसे ड्यूकांकडे गेला. डोंगरी किल्ल्यांची ज्यांस संवय आहे त्यांस गडाखालच्या मुलखाची स्थिति सहज कळेल. जमीन थोडी, चढउतार फार, हिंवाळा लांब. चेस्टनटाचीं फळें दळून त्या पिठावर दिवस काढावयाचे. अशा खोऱ्यांतील पुरुष पूर्वींपासूनच ऋतुमानाप्रमाणें बाहेर पडत. चेनो व तिच्या शेजारची तारो या दोन नद्यांच्या खोऱ्यांतले कांहीं लोक अस्वलें, माकडें घेऊन युरोपभर खेळ करीत हिंडत. त्यांस 'ओर्सांती' म्हणजे अस्वलवाले म्हणत. कांहीं वाद्याची पेटी फिरवीत लंडनच्या रस्त्यांतून फिरत. फ्रान्समधून पायीं चालत गेलेल्या पूर्वजांच्या कथा पुष्कळ कुटुंबांत सांगतात. प्रत्येक कथा तपासून घेतली पाहिजे, परंतु प्रघात खरा होता यांत शंका नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण वेल्समध्यें दगडी कोळशाची भरभराट झाली. रोंदा नांवाचें जें खोरें १८५० च्या सुमारास मेंढपाळांचें एकांतस्थान होतें, तेथील लोकवस्ती १९११ च्या खानेसुमारींत दीड लाखांवर गेली. एवढे खाणमजूर, त्यांच्या हातीं आठवड्याची मजुरी, आणि बसावयास जागा दोनच : दारूचा गुत्ता किंवा प्रार्थनामंदिर. त्यांत १८८१ सालीं पार्लमेंटानें वेल्सपुरता एक कायदा करून रविवारीं गुत्ते बंद ठेवण्याचें फर्मान काढिलें. इंग्लंडाहून निराळा असा केवळ वेल्ससाठीं केलेला अर्वाचीन काळांतील हा पहिलाच कायदा होय, म्हणून वेल्सच्या राजकीय इतिहासांतही त्यास महत्त्व आहे. मद्यपाननिषेधाची चळवळ जोरांत होती. १९०४–०५ मध्यें इव्हान रॉबर्ट्स याच्या धर्मजागृतीनें तिला आणखी बळ चढलें. या सांधींत इटालियन दुकानदार शिरला. त्याच्या दुकानांत दारू नाहीं. गरम पेय, सरबत, पाव, मिठाई, तंबाखू व आईस्क्रीम मिळे. पहांटेची पाळी खाणींत उतरण्यापूर्वीं तें उघडे, रात्रीची परतल्यावर मिटे. बर्फ व मीठ भरलेल्या लांकडी पिंपांत डबा फिरवून आईस्क्रीम करणें हें रात्रीचें काम. दिवसा हातगाडी घेऊन चढणीच्या रस्त्यांनीं तें विकावयाचें. यासाठीं बार्दीकडून मुलगे आणीत. दोनतीन वर्षांचा करार, राहणें-जेवणें मालकाकडे, व मुदतीअखेर ठरलेली रक्कम. आज ज्या आईस्क्रीमच्या गाडीचें चित्र कौतुकानें काढितात ती बहुधा अशाच एखाद्या पोरानें ढकलिलेली होती. धर्ममंदिरांतील मंडळींस रविवारीं उघडें असलेलें हें दुकान खपत नसे, कारण तरुण मुलें-मुली तेथें एकत्र बसत. दुकानदारांवर खटले होत. ते दंड भरीत व पुढल्या रविवारीं पुनः दुकान उघडीत. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वेल्समध्यें अशीं तीनशेंवर दुकानें होतीं असें सांगतात.

प्रारंभीच्या दुकानदारांत ब्राक्की आडनांवाचें बार्दीकडील एक कुटुंब होतें. त्यांचें नांव इतकें रूढ झालें कीं रोंदा व आसपासच्या खोऱ्यांत कोणत्याही इटालियन दुकानास 'ब्राक्की' म्हणूं लागले, मग मालक कोणी कां असेना. विशेषनामाचें सामान्यनाम झालें. कपड्यांचा व्यापारी जेव्हां या वारशाचा उत्सव करितो तेव्हां असलेंच सुटसुटीत, सर्वांच्या ओळखीचें नांव त्याच्या हातीं प्रथम येणार हें उघड आहे, व त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र संशोधकास येथें पहिली अडचण येते. एखाद्या वृद्धानें 'आम्ही ब्राक्कीकडे बसत असूं' असें सांगितलें, तर त्यावरून मालकाचें नांव सिद्ध होत नाहीं. फक्त दुकानाची जात सिद्ध होते. दुसरी अडचण लेखनाची. रोमन लिपींत या नांवांत जीं 'सी' व 'एच' हीं अक्षरें जोडून येतात त्यांचा उच्चार इटालियन मनुष्य 'क' करील, इंग्रज 'च' करील, व वेल्श भाषेच्या नियमानें तो घशांतील 'ख' सारखा होईल. देवनागरींत लिहितांना आम्हीं 'ब्राक्की' असें लिहून प्रश्न मिटविला. परंतु कानानें ऐकून नांव टिपणाऱ्या कारकुनास तो मिटवितां आला नाहीं.

वेल्सच्या लोकांसही कारकुनांचा हा अनुभव नवा नव्हता. त्यांच्यांत पूर्वीं आडनांव नसून 'अमक्याचा पुत्र' अशा अर्थानें 'अप' किंवा 'अब' लावण्याची चाल होती. इंग्रजी दफ्तरांत त्यांस कायमचीं आडनांवें पडलीं तीं अशीं : 'अप रीस' याचा 'प्राइस', 'अप हॉवेल' याचा 'पॉवेल', 'अब ओवेन' याचा 'बोवेन'. उरलेले जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स इतके झाले कीं एकाच आळींतल्या माणसांस ओळखण्यासाठीं नांवापुढें धंदा जोडणें भाग पडलें. दूधवाला जोन्स निराळा, पाववाला जोन्स निराळा. अशा मुलखांत इटालियन आडनांवें ठळक उठून दिसलीं, पण पहिलीं नांवें मात्र तेथल्या पाण्यांत विरघळलीं. जुझेप्पेचा 'जो', जाकोमोचा 'जेम्स', जोव्हान्नीचा 'जॉन' झाला. बार्दीच्या चर्चच्या जन्मनोंदींत एक नांव, ब्रिटिश पोलिसांच्या परदेशी-नोंदणीपुस्तिकेंत दुसरें, दुकानाच्या पाटीवर तिसरें, आणि गिऱ्हाइकांच्या तोंडीं 'ब्राक्की'. एकाच मनुष्याचीं हीं चार नांवें जोडून दाखविणारा कागद ज्या घरीं आहे तें घर भाग्यवान समजावें.

हें सारें केवळ विद्वानांच्या करमणुकीचें राहिलें असतें. १९४० सालीं तें प्राणांवर बेतलें. त्या सालच्या १० जून रोजीं मुसोलिनीनें ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलें. त्याच रात्रीं दक्षिण वेल्समधील कांहीं गांवीं इटालियन दुकानांच्या कांचा फुटल्या. जेथें बसून लोक वर्षानुवर्षें चहा पीत आले तींच हीं दुकानें. सोळा ते सत्तर वर्षें वयाच्या व वीस वर्षांहून कमी काळ देशांत राहिलेल्या इटालियन पुरुषांस स्थानबद्ध करण्याचे हुकूम सुटले; शिवाय गुप्तचर खात्याकडे सुमारें दीड हजार 'धोक्याच्या' माणसांची एक यादी होती, तिला वास्तव्याचा हिशेब लागू नव्हता. या यादीचा आधार बहुतांशीं फासिस्ट मंडळांचें सभासदत्व हा होता. येथें न्याय दोहोंकडून केला पाहिजे. तीं मंडळें खरोखरीच होतीं व मुसोलिनीच्या कौतुकाचे उद्गार कांहीं इटालियन घरांत निघत असत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुष्कळांच्या दृष्टीनें मंडळ म्हणजे मुलांची इटलीची सहल, भाषेचा वर्ग व वार्षिक भोजन एवढेंच होतें. आणि ज्यांचे मुलगे ब्रिटिश सैन्यांत होते असे बापही पकडले गेले.

पकडलेल्यांपैकीं अनेकांस लॅंकेशायरमधील बरी गांवच्या वॉर्थ मिल्स नांवाच्या पडीक कापडगिरणींत कोंडण्यांत आलें. तेथून कांहींजणांस लिव्हरपूल बंदरीं 'अरांदोरा स्टार' या १९२७ साली बांधलेल्या जहाजावर चढविलें. जहाज कॅनडाकडे निघालें होतें. त्यावर बाराशेंवर इटालियन व जर्मन स्थानबद्ध, कांहीं जर्मन युद्धकैदी, पहारेकरी व खलाशी होते. डेकवर कांटेरी तारा लाविल्या होत्या. सोबतीस रक्षक जहाज नव्हतें. २ जुलै १९४० रोजीं सकाळीं, आयर्लंडच्या वायव्येस, 'यू-४७' या जर्मन पाणबुडीनें त्यावर पाणतीर सोडिला. तासाच्या आंत तें बुडालें व आठशेंहून अधिक माणसें मेलीं. कॅनडाच्या 'सेंट लॉरेंट' या विनाशिकेनें उरलेल्यांस वांचविलें. स्थानबद्धांची निवड कशी झाली याची पुढें लॉर्ड स्नेल यांजकडून चौकशी करविण्यांत आली.

मृतांत इटालियन किती? एका हिशेबानें ४७०, दुसऱ्या हिशेबानें ४४६. दोन डझनांचा हा फरक कशानें पडला हें पाहूं जातां पुनः नांवांशींच येऊन ठेपावें लागतें. जहाजावर चढविलेल्यांची यादी घाईनें, इटालियन न जाणणाऱ्या माणसांनीं केली. आडनांवें कानानें लिहिलीं. कोठें पहिलें नांव आडनांवाच्या जागीं गेलें. एकाच खोऱ्यांतले, एकाच आडनांवाचे चुलतभाऊ अनेक, त्यांतला कोणता? शिवाय बापाजवळ किंवा भावाजवळ राहतां यावें म्हणून कित्येकांनीं आयत्या वेळीं जागा बदलल्या, म्हणजे यादींतला मनुष्य जहाजावर नाहीं व जहाजावरचा मनुष्य यादींत नाहीं. यास्तव बायकामुलांस खरी बातमी समजण्यास आठवडेच्या आठवडे लागले.

आणखी एक सावधगिरीची सूचना. वेल्समधील मृतांची संख्या ५३ धरितात. त्यांचें स्मारक कार्डिफच्या रोमन कॅथलिक कॅथीड्रलमध्यें २ जुलै २०१० रोजीं, घटनेस सत्तर वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, उघडण्यांत आलें. बार्दीच्या स्मशानांत जी स्मरणदेवडी आहे ती तेथील ४८ मृतांसाठीं. या दोन संख्यांची बेरीज करूं नये, व एक दुसरीचा भाग आहे असेंही धरूं नये. पहिली राहण्याच्या ठिकाणावरून, दुसरी मूळ गांवावरून मोजलेली. पुष्कळ नांवें दोहोंत असणार. परंतु वेल्समधील सर्व इटालियन बार्दीचे नव्हते व बार्दीचे सर्व प्रवासी वेल्समध्यें नव्हते. दोन्ही याद्या ओळीनें समोर ठेवून, प्रत्येक नांवास जन्मनोंद, नोंदणीपुस्तिका व पाटी जोडून पाहणें हाच मार्ग. असलें काम ब्रिटन व इटली दोहोंकडील अभ्यासकांनीं गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ पुढें नेलें आहे; कोलिन ह्यूज यांचा १९९१ सालचा दक्षिण वेल्समधील इटालियनांवरील ग्रंथ व त्याच वर्षीं निघालेला टेरी कोल्पी यांचा ब्रिटनमधील इटालियनांवरील ग्रंथ संग्राहकांनीं अवश्य जवळ ठेवावे.

कपड्यांकडे परत येऊं. कापडावर आईस्क्रीमची गाडी, कॉफीचें यंत्र, दोन देशांचीं निशाणें व ब्राक्कीसारखें नांव येणें स्वाभाविक आहे. नोंदणीपुस्तिका किंवा जहाजाची यादी येणार नाहीं, आणि येऊंही नये असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. ऑगस्ट महिन्यांत वेल्सहून बार्दीस जाणाऱ्या कुटुंबांतील तरुणांनीं असले कपडे हौसेनें घातले तर आजोबांचें नांव कोणते हें विचारण्याची बुद्धि तरी त्यांस होईल. एवढेंच कीं, छापण्यापूर्वीं नांवाचें मूळ लेखन घरच्या कागदावरून तपासावें. चुकीचें लेखन एकदां हजार अंगांवर गेलें म्हणजे तें दुरुस्त करणें आयोलोच्या कवनांपेक्षां सोपें राहत नाहीं. या वसाहतीचें खरें वस्त्र कोणतें असें विचाराल, तर जुन्या छायाचित्रांत दुकानाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावें : पांढरा कोट व पांढरा एप्रन. त्यावर नांव नसे. नांव डोक्यावरच्या पाटीवर असे. म्हणून जो संग्राहक अशीं छायाचित्रें जमवील त्यानें कडेची पाटी कापून टाकलेल्या प्रती घेऊं नयेत, व पाठीमागची पेन्सिलीची ओळ आधीं वाचावी. मॅन बेटावरील छावण्यांतून आलेलीं, तपासनिसाच्या शिक्क्याचीं पत्रें, करारनामे, दंडाच्या पावत्या, बर्फाचीं बिलें हीं सारीं अजून घराघरांतून आहेत; तीं सांगणारी पिढी मात्र आतां जवळजवळ सरली.

ऑगस्ट १९४० मध्यें त्या जहाजावरील मृतांचीं प्रेतें आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यास व स्कॉटलंडच्या बेटांस लागूं लागलीं. किनाऱ्यावरच्या खेडुतांनीं तीं आपल्या स्मशानांत पुरलीं. कांहींची ओळख अंगावरील कपड्यांत सांपडलेल्या कागदांवरून पटली व तीं नांवानिशीं पुरलीं गेलीं. ज्यांच्या खिशांत कागद नव्हता, किंवा समुद्रानें तो पुसून टाकला होता, त्यांच्या थडग्यांवर नांव नाहीं.